पिकअपचा पुढचा भाग उघडला तेव्हा

श्रावणात पावसाने उघडीप दिली की आपल्या भागात दोन कामांची एकदम घाई उडते : हळदीचे निंदण आणि उसाचे पाचट काढणे. अशाच एका सकाळी पैनगंगेच्या काठच्या गावचे आपले एक सभासद मजूर बायांना घेऊन शेताकडे निघाले होते. गाडी म्हणजे त्यांची वीस वर्षांहून जुनी पिकअप. चालवीत होता मुलगा, शेजारी बाप. मागच्या हौद्यात नऊ बाया, त्यांच्या शिदोऱ्या आणि पाण्याचे दोन कॅन. इसापूरच्या कालव्यावरून निघालेल्या एका चारीपाशी रस्ता उजवीकडे वळतो. मुलाने स्टेअरिंग फिरवले. गाडी वळली नाही. म्हणजे वळली, पण उशिरा वळली. क्षणभर सरळ गेली आणि मग एकदम झटका घेतला. तोवर डावे पुढचे चाक रस्ता सोडून चारीत उतरले होते.

चारीला पाणी कमी होते आणि गाडी हळू होती, म्हणून निभावले. एका बाईच्या मनगटाला मुका मार लागला. बाकीच्या जणी खाली उतरल्या त्या पुन्हा गाडीत बसल्याच नाहीत, पायी शेतात गेल्या.

दोन दिवसांनी हे सभासद उसाच्या नोंदीच्या कामासाठी आले असता आमच्यापाशी बसले आणि त्यांनी हा प्रकार सांगितला. त्यांचे म्हणणे एकच होते. "पोरगं गाडीले ग्रीस मारत नाही. किती डाव सांगितलं. शेवटी चावी काढून घेतली मी त्याच्याकडून." गाडी भंगारात घालावी की आणखी एकदा गॅरेजला न्यावी, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. मुलाचा निकाल त्यांनी आधीच लावून टाकला होता.

येथे आम्हांलाही एक कबुली द्यावयाची आहे. गेल्या हंगामात ऊसपाहणीसाठी ह्याच गाडीतून आम्ही दोनदा गेलो होतो. सरळ रस्त्यावरही मुलाचे हात स्टेअरिंगवर सारखे डावी-उजवीकडे चालत होते, जसे काही तो पाळणा हलवतो आहे. त्यावर आम्ही हसलो होतो आणि "ही गाडी रस्त्यावर नाही, देवाच्या नावावर चालते" असे काहीसे बोललोही होतो. त्या वेळी हसण्याऐवजी चाकाखाली वाकून पाहिले असते, तर नऊ बायांवर ती पाळी आली नसती. तेव्हा ह्या खेपेस गाडी गॅरेजला जाताना आम्हीही बरोबर गेलो आणि उमरखेडच्या एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली ती उघडली गेली त्याचे तीनही दिवस तेथे बसलो. जे पाहिले ते सभासद बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत.

जीपच्या हाडापेराची गाडी

अशा जुन्या पिकअपचा पुढचा भाग कसा असतो हे आधी सांगावे लागेल. अमेरिकन सैन्यासाठी दुसऱ्या महायुद्धात जी जीप निघाली, तिची जुळणी आपल्याकडे महिंद्रांनी मुंबईत सुरू केली ती 1940च्या दशकाच्या अखेरीस. पुढे कित्येक वर्षे खेड्यापाड्यांत धावलेल्या जीपा, आणि त्यांच्यावर हौदा चढवून झालेल्या पिकअपा, ह्याच वळणाच्या. पुढे दोन चाकांच्या मध्ये एक अखंड लोखंडी एक्सल, त्यावर दोन कमानी म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगा, आणि कमानींवर चासीचे ओझे. बैलगाडीचा आख आणि त्यावर साटी, असे म्हटले तरी चालेल. फक्त मधे कमानी आल्या. हल्लीच्या पुष्कळ नव्या गाड्यांना पुढे अखंड एक्सल नसतो, प्रत्येक चाक स्वतंत्र हलते आणि तेथे किंगपिनऐवजी बॉल जॉइंट असतात. त्या गाड्यांचा प्रकार निराळा. ह्या लेखात जुन्या कमानीच्या गाडीचेच बोलू.

बैलगाडी वळवायची तर बैल वळवतात आणि आख्खी गाडी त्यांच्यामागे येते. येथे एक्सल जागेवर राहतो आणि फक्त त्याच्या टोकांची चाके वळतात. त्यासाठी एक्सलच्या प्रत्येक टोकाला एक उभी जाड पिन असते, तिला किंगपिन म्हणतात. दाराच्या बिजागरीची सळई असावी तशी ती काम करते. चाक ज्या तुकड्यावर बसते, तो स्टब एक्सल ह्या पिनेभोवती फिरतो. पिन आणि स्टब यांच्या मध्ये वर एक आणि खाली एक अशी पितळी बुशे. स्टेअरिंगच्या पेटीतून एक दांडा येतो, तो एका चाकाला ओढतो-ढकलतो, आणि दोन्ही चाकांना जोडणारा टायरॉड दुसऱ्या चाकालाही त्याच्याबरोबर नेतो. प्रत्येक सांध्यात एक गोळी आणि तिची वाटी. मिस्त्री तिला टायरॉड एंड म्हणतात.

मौज अशी की, ह्या साखळीत सहा-सात ठिकाणी थोडी थोडी झीज झाली, तर एकेका ठिकाणी ती डोळ्यांना दिसतही नाही. पण चालकाच्या हाती पोचेपर्यंत सगळी झीज एकत्र होते. दर बांधावर थोडे थोडे पाणी झिरपावे आणि शेवटच्या वाफ्याला काहीच मिळू नये, तसेच हे.

मिस्त्रींनी प्रथम कोठलाही पाना हाती घेतला नाही. चाके सरळ ठेवून स्टेअरिंग हलके डावीकडे, हलके उजवीकडे फिरवले आणि खाली मुलाला चाकाकडे पाहत बसवले. चाक हलू लागेपर्यंत स्टेअरिंगचा काठ वीतभर फिरत होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतील नियम 98 असे सांगतो की, स्टेअरिंगवर 30 अंशांहून जास्त ढिलाई असता कामा नये, सांध्यांच्या गोळ्यांवर रबरी टोप्या असाव्यात, आणि बोल्ट-पिना निसटणार नाहीत अशा अडकवलेल्या असाव्यात. 30 अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंतचे अंतर. दीड फुटाच्या आतबाहेरच्या चाकावर ते मुठीएवढे भरते. ही कायद्याची शेवटची मर्यादा झाली. नीट असलेल्या गाडीला दोन बोटांपलीकडे ढिलाई नसते. आमच्या समोरची गाडी कायद्याच्याही पार पलीकडे गेली होती. माल वाहण्याच्या गाडीत माणसे बसवणे कायद्याला मंजूर नाही, ही गोष्ट निराळी. ती सर्वांना ठाऊक आहे आणि सर्व जण करतात, आम्हीही त्यात आलो.

मग एक्सलखाली जॅक लावून पुढची चाके अधांतरी केली, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले आणि एक्सल लोखंडी घोड्यांवर टेकवला. केवळ जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली जाऊ नये, हे मिस्त्रींनी आम्हांला तीन दिवसांत चार वेळा सांगितले. एकदा तर आमच्या पायाला धरून मागे ओढले.

पुढची परीक्षा प्रत्येक सभासदाने घरच्या घरी करण्याजोगी आहे. चाक वरून आणि खालून धरून आतबाहेर हलवायचे. खटखट लागली तर एक तर चाकाचे बेअरिंग ढिले आहे किंवा किंगपिन झिजली आहे. यातले कोणते हे ओळखायला एकाने ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्याने पुन्हा चाक हलवावे. ब्रेक दाबला की ड्रम आणि स्टब एकजीव होतात. तेव्हा खटखट थांबली तर दोष बेअरिंगचा. तरीही राहिली तर किंगपिनेचा. आमच्या गाडीला ब्रेक दाबूनही डाव्या बाजूस चाक चांगलेच डुलत होते. नंतर चाक आडवे, म्हणजे पुढून आणि मागून धरून हलवले तर टायरॉडचे सांधे बोलू लागले. एका गोळीची वाटी इतकी झिजली होती की गोळी जवळजवळ तोंडाशी आली होती. चारीपाशी ती निसटली असती तर चाक जिकडे जायचे तिकडे गेले असते. हे पाहून सभासद खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

शेवटी टेप लावली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी. डावीकडचे अंतर उजवीपेक्षा बोटभर कमी निघाले. म्हणजे एक्सल डावीकडे मागे सरकला होता, आणि म्हणूनच गाडी सदोदित डावीकडे ओढत होती. इतके दिवस सर्वांची समजूत अशी की, टायर डावीकडचा खराब आहे.

भोक कुठं, निपल कुठं

दुसऱ्या दिवशी उघडण्याचे काम. टायरॉडचे सांधे निसवाच्या बसणीतून सोडवताना पुष्कळ ठिकाणी आट्यांवर हातोडा मारतात. आटे पिचतात, मग नट लागत नाही, मग वेल्डिंग. आमच्या मिस्त्रींनी नट सैल करून तसाच ठेवला आणि ज्या डोळ्यात सांधा बसतो त्या डोळ्याच्या दोन बाजूंना दोन हातोडे घेतले. एक टेकवलेला, दुसऱ्याने एकच ठोका. सांधा आपोआप खाली आला. (एक्सलला, दांड्याला, कमानीला, सगळ्याला डोळा असतो हे आम्हांला नवीन होते. आपला डोळा आजवर उसाच्या टिपरीपलीकडे गेला नव्हता.) सांधा दांड्यातून काढताना मिस्त्रींनी फेरे मोजले आणि भिंतीवर खडूने आकडा लिहिला, म्हणजे नवा बसवताना चाके निदान घरी जाण्याइतकी तरी सरळ राहतील.

कमान खाली घेतली तेव्हा एक्सल सरकल्याचे कारण कळले. कमानीचे सगळे पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट मधोमध तुटलेला. त्याचे डोके एक्सलच्या खळग्यात बसून एक्सलला जागेवर ठेवते. पण बोल्ट आपण होऊन तुटत नाही. कमान आणि एक्सल एकत्र आवळणारे यू-बोल्ट ढिले झाले की सगळे धक्के त्या बिचाऱ्यावर येतात. ढिले का झाले? कारण मागच्या वेळी कमानीत एक पाटा जादा घातल्यावर नट एकदा आवळले ते आवळले. पुन्हा कोणी पाना लावला नाही. कमानीखालच्या लोखंडी पाचरीचे जाड तोंड कोणत्या बाजूला आहे, त्याचीही मिस्त्रींनी काढण्याआधी खूण करून ठेवली. पाचर उलटी बसली तर वळणानंतर स्टेअरिंग आपण होऊन सरळ येत नाही, गाडी भरकटते. ह्या पाचरीबद्दल गॅरेजमध्ये आणखी दोन-तीन मते निघाली. ती येथे सोडून देऊ.

जादा पाट्याचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर. उसाच्या बेण्याच्या मोळ्या, खताच्या गोण्या, कधी मोटारपंप असे ओझे आपण हौद्याच्या मागच्या टोकाला रचतो. मागच्या चाकांच्याही मागे ओझे गेले की गाडीचे नाक उचलले जाते आणि स्टेअरिंग हलके लागते. पुष्कळांना ते आवडते. "आज गाडी हलकी चालते," असे म्हणतात. ती हलकी चालत नसते, पुढच्या चाकांची जमिनीवरची पकड सुटत असते. गाडी मागे बसते म्हणून मग मागे पाटा वाढवायचा, आणि मागे वाढवला म्हणून जोडीला पुढेही वाढवायचा. पुढे वाढवला की एक्सल खाली जातो, स्टेअरिंगचा दांडा तिरका होतो आणि प्रत्येक खड्ड्याला स्टेअरिंग हाताला हिसका देऊ लागते. पाटा वाढवल्याने ओझे वाढवता येते, पण एक्सल, पिना आणि ब्रेक मूळचेच राहतात.

आता मुख्य गोष्ट. किंगपिना काढल्या. उजवी तेल-ग्रीस खाऊन काळी, झिजलेली, पण समान. डावी मात्र तांबूस, कोरडी, आणि एका अंगाने अशी खाल्लेली की नखाला खाच लागावी. मिस्त्रींनी बुश ठोकून बाहेर काढले, दिव्यापाशी नेले आणि मुलाला हाक मारली. बुशाला ग्रीस आत जाण्यासाठी एक लहान भोक असते. बाहेर स्टबला ग्रीसचे निपल असते. बुश बसवताना भोक निपलच्या बरोबर समोर आले पाहिजे. येथे भोक होते एकीकडे आणि निपल दुसरीकडे, मध्ये चांगला पाव फेरा.

"काका, ग्रीस आत गेलंच नाही कधी," मिस्त्री म्हणाले. "हा पोरगा जन्मभर पंप मारत बसला असता तरी गेलं नसतं. भोक कुठं अन् निपल कुठं, पाहा."

मुलगा म्हणाला, "मी म्हणतच होतो. पंप मारला की निपलमधूनच माघारी येत होतं." तो एवढेच बोलला. ते त्याने वडिलांना वर्षापूर्वीही सांगितले होते, आणि ज्या गॅरेजमध्ये ती बुशे बसवली तेथेही सांगितले होते. तेथे त्याला उत्तर मिळाले की, पंप नीट धरता येत नाही. वडिलांनी गॅरेजचे ऐकले.

सभासद बुश हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवून पाहत राहिले. मग बाहेर जाऊन पान खाऊन आले.

नवे बसवताना

सामान नांदेडहून आणले : किंगपिनांचे पूर्ण किट, टायरॉड आणि ड्रॅगलिंकचे मिळून चार सांधे, शॅकलच्या पिना आणि बुशे, चार यू-बोल्ट, दोन सेंटर बोल्ट, चाकांची बेअरिंगे, ऑइल सील. एकाच बाजूचे बदलावे का, असे सभासदांनी विचारून पाहिले. मिस्त्रींनी सांगितले की जुन्या बाजूची झीज नव्या बाजूला ओढून खाते. एका बैलाला नवी शिवळ आणि दुसऱ्याला मोडकी, असे जू चालत नाही. शॉकअपही पाहिले. दाबून धरून सोडले की ते सावकाश परत यावयास हवे. एक तर सायकलच्या पंपासारखे आतबाहेर जात होते. दोन्ही बदलले.

नवी बुशे प्रेसवर बसवली, निपलमध्ये तार घालून ती बुशाच्या आत दिसते का हे मुलाने स्वतः पाहिले, आणि मगच रीमर फिरला. रीमर लांब हवा, म्हणजे वरचे आणि खालचे बुश एका ओळीत येते. आखूड रीमरने दोन्ही वेगवेगळी घासली तर पिन तिरकी धरते. घासणे थोडे थोडे, दर फेरीला पिन लावून पाहत. तेल लावलेली पिन अंगठ्याने रेटली की सरकावी, पण सोडली की घसरून पडू नये. ह्यात दुपार गेली. नंतर एक्सलच्या डोळ्यात पिन हलते का ते तपासले. डोळा शाबूत होता. तो मोठा झाला असता तर नव्या पिनेचा काही उपयोग नव्हता. खाली ओझे पेलणारे थ्रस्ट बेअरिंग आणि वर-खालची फट मोजून भरलेल्या पातळ शिमा, मग पिन अडकवणारी खीळ. नंतर चाक अधांतरी असतानाच ग्रीस मारले. ओझे टेकलेले असताना मारले तर खालच्या बेअरिंगपर्यंत ते पोचत नाही. जुन्या खातेवहीतले देणे फिटावे तसे सांध्याच्या कडेने चहूकडून ग्रीस बाहेर आले तेव्हा मुलाच्या तोंडावर हसू होते.

सांध्यांचे नट पुरते आवळून, भोक जुळत नसेल तर आणखी थोडे आवळून, नवी स्प्लिट पिन घातली. भोक जुळावे म्हणून नट मागे सोडू नये, आणि जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नये. दोन रुपयांची वस्तू आहे पण तिच्यावर माणसे बसलेली असतात. चाकाची बेअरिंगे तळहातावर ग्रीस घेऊन भरली, चाक फिरवत नट आवळला आणि किंचित मागे घेतला. स्टेअरिंगच्या पेटीत तेल भरले. पेटीवरचा ढिलाई कमी करण्याचा स्क्रू मात्र मिस्त्रींनी सर्वांत शेवटी, चाके सरळ असताना, अगदी थोडा फिरवला. कित्येक ठिकाणी हा स्क्रूच पहिल्यांदा आवळतात. सांधे झिजलेले तसेच राहतात, स्टेअरिंग मधोमध जड होते, वळणावरून परत येत नाही, आणि गिऱ्हाइकाला वाटते की ढिलाई गेली.

चाके समोर किती मिटलेली हवीत, हे मापण्याला त्यांच्याकडे यंत्र नव्हते. दोन्ही पुढच्या टायरच्या मध्यावर, चाकाच्या मध्याच्या उंचीला, समोरून खडूची खूण केली आणि खुणांमधले अंतर मोजले. मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकलली, म्हणजे त्याच खुणा मागे आल्या. पुन्हा अंतर मोजले. पुढचे अंतर मागच्यापेक्षा एक ते तीन मिलिमीटर कमी असावे. नेमके किती ते गाडीच्या पुस्तकात असते. येथे आधी पुढचे अंतरच जास्त होते. टायरवर तळहात आडवा फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागत होते, त्याचे कारण हेच. टायरॉड फिरवून माप बरोबर आणले, लॉकनट आवळले. नंतर तालुक्याच्या ठिकाणी यंत्रावर अलाइनमेंट करून घेतले तेव्हा फार काही फरक निघाला नाही.

मिस्त्री चहा पीत असताना आम्ही गाडीच्या खणातल्या जुन्या पावत्या काढून बेरीज मांडली. दीड वर्षात पुढच्या टायरच्या दोन जोड्या, डाव्या बाजूचा टायरॉड एंड तीन वेळा, एक शॉकअप, एकदा कमानीची दुरुस्ती, एकदा बुशे, ती चुकीची बसलेली. प्रत्येक वेळी "एवढंच करून द्या, हंगाम झाला की बघू." तुकड्या-तुकड्याने गेलेला पैसा ह्या खेपेच्या पूर्ण कामापेक्षा जास्त भरला. ह्या खेपेचा सगळा खर्च, मजुरी धरून, दोन नव्या टायरच्या किमतीहून थोडा वर होता. अर्थात प्रत्येक गाडीला असा हिशेब जुळेलच असे नाही. चासी पिचलेली असेल, एक्सल वाकलेला असेल किंवा कागदपत्रेच उरली नसतील, तर तिच्यावर खर्च करू नये, असे मिस्त्री स्वतःच म्हणाले. आठ वर्षांहून जुन्या मालगाडीला दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो, तो खर्चही धरावा. आणि वाकलेला एक्सल तापवून सरळ करून देतो असे कोणी म्हटले, तर चहा पिऊन परत यावे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ढाणकीच्या रस्त्यावर फेरी मारली. मुलगा चालवत होता, हात स्टेअरिंगवर स्थिर. पूर्वी एखादा खड्डा लागला की पुढची चाके थरथर नाचू लागत आणि गाडी जवळजवळ थांबवावी लागे. ह्या वेळी खड्डा लागला, धक्का बसला, आणि झाले. सपाट रस्ता पाहून मुलाने क्षणभर हात सैल सोडले. गाडी सरळ गेली. वडील काही म्हणाले नाहीत. गावाशी आल्यावर उतरले, चावीसाठी हात पुढे केला नाही, आणि घरात गेले.

मिस्त्रींनी निघताना बजावले होते की, नवे यू-बोल्ट ओझ्याखाली बसतात, म्हणून पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळलेच पाहिजेत. आठवड्याने आम्ही त्या गावी ऊसनोंदीसाठी गेलो तेव्हा पिकअप अंगणात उभी होती आणि मुलगा खाली निजलेला. वडील बाहेरून पाना पुढे करीत होते. आठ नटांपैकी तीन पाव-पाव फेरा फिरले. त्या नऊ जणींपैकी दोन बाया कुंपणापाशी उभ्या राहून पाहत होत्या. एकीने विचारले, "झाली का भाऊ नीट?" वडील म्हणाले, "झाली. पण तुम्ही ऑटोनंच या आता. पैसे मी देतो."